दिव्यातलं मीठ

तो दिवा दर आठवड्याला थोडा थोडा खाली येत होता. हे सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. माझं कॉलेज संपून वर्ष झालं होतं. शाळेची सगळी वर्षं पाचगणीच्या वसतिगृहात गेली, मग तीन वर्षं पुण्यात, आणि मग साताऱ्याला घरी परत. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी काहीतरी निमित्त काढून उठायचे. दोन ठिकाणी मुलाखतीला गेले आणि बाहेरच्या बाकावर बसून, नाव पुकारायच्या आत निघून आले. घरी सांगितलं, जागा भरली होती.

वडिलांच्या ओळखीच्या एक आर्किटेक्ट बाई होत्या. सगळे त्यांना मॅडमच म्हणत. पुण्याहून येऊन-जाऊन त्या सांगलीच्या एका जुन्या वाचनालयाच्या दुरुस्तीचं काम बघत होत्या. त्या इमारतीतले रॉकेलचे जुने दिवे साफ करून, त्यांत विजेचे बल्ब बसवून ते पुन्हा जागच्या जागी टांगायचे होते. प्रत्येक दिव्याची चित्रासकट इंग्रजीत नोंद ठेवायला त्यांना कुणीतरी हवं होतं. “हात स्वच्छ हवा, इंग्रजी बरं हवं आणि बडबड नको,” असं त्या हसत म्हणाल्या. तिसऱ्या अटीवर वडील पटकन म्हणाले, “मग आमचीच घेऊन जा.”

दिवे दुरुस्त व्हायचे ते साताऱ्यातच, एका बोळातल्या छोट्या कारखान्यात. तिथले मालक आणि कारागीर दोन्ही एकच. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. एरवी ते स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करत, लग्नसराईत भांड्यांना कल्हई लावत. पण त्यांचे वडील एके काळी महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यांतले दिवे सांभाळायचे, आणि ती विद्या चाचांकडे आली होती. पितळ ते चिंचेनं घासत. काच कधी उन्हात वाळवत नसत, सावलीत पंच्यावर उपडी ठेवत. माझं काम त्यांच्यासमोर पाटावर बसून प्रत्येक सुट्या भागाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायचं आणि वहीत लिहायचं. पहिला महिनाभर ते मला “ताई, जरा सरका” एवढंच म्हणाले असतील. मला ते फार बरं वाटायचं.

एकूण आठ दिवे होते. सात वाचनालयाच्या माळ्यावरच सापडले. आठवा, मोठ्या दालनातल्या लांब टेबलावरचा, कधीच नाहीसा झाला होता. छताला नुसता आकडा होता. त्या जोडीचा दिवा चाचांना शिरवळला, हायवेवरच्या एका भंगारवाल्याकडे मिळाला. पाचगणीच्या कुठल्याशा बंगल्यातून आलाय, एवढंच त्याला ठाऊक होतं.

हा दिवा खाली-वर होणारा होता. छताच्या कप्प्यांवरून तीन साखळ्या यायच्या. साखळ्यांच्या एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला, दिव्याच्या बरोबर वर, नारळाएवढा पितळी गोळा. गोळा आत पोकळ, त्यात शिशाचे छर्रे भरलेले. दोन्हीकडचं वजन सारखं असलं की दिवा हातानं जिथे ओढाल तिथे थांबायचा. वाचायला खाली घ्यायचा, काम झालं की वर ढकलायचा.

चाचांनी पोत्यातून त्याची काचेची छत्री काढून माझ्या हातात दिली. निळसर दुधी काच. मी तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं, तरी माझा अंगठा आपोआप कडेवरच्या एका टवक्यावर जाऊन बसला. नखाएवढा टवका. अंगठा आधी गेला, ओळख मागाहून पटली.

नववीत असताना शाळा आम्हा मुलींना रविवारी गावातल्या एकट्या-दुकट्या म्हाताऱ्या माणसांकडे पाठवायची. समाजसेवा म्हणून. मला एका बंगल्यातली बाई दिली होती. तिला फारसं दिसत नसे. मी इंग्रजी पुस्तक मोठ्यानं वाचायचं आणि तिनं ऐकायचं. दुपारी तीन वाजता बाहेर लख्ख ऊन असायचं, तरी ती पडदे ओढून घेई आणि काठीच्या आकड्यानं तो दिवा खाली ओढी. वीज आल्यावरही तिनं तो रॉकेलवरच ठेवला होता. दिवा खाली, आणखी खाली, अगदी माझ्या पुस्तकावर एक वीत. छत्रीची कड माझ्या कपाळाच्या इतकी जवळ येई की केसांना ऊब लागे. तिच्या डोळ्यांतून सतत पाणी गळायचं. ती रडत नसे, डोळेच तसे होते. टेबलावर तिच्यासमोर थेंबांचे डाग पडत. वाचता वाचता मी थांबले की ती म्हणे, “अजून.” मी घाबरून त्या टवक्यावर अंगठा फिरवत बसायचे.

एका रविवारी मी गेले नाही. पुढच्याही नाही. शाळेला वाटत होतं मी जाते. तिला वाटत असेल मी येईन. टेकडीवरच्या मैदानाच्या कडेला बसून मी ते दोन तास काढायचे आणि परत यायचे. नंतर कधीतरी कळलं की ती गेली. मला विचारायला कुणी आलं नाही.

हे मी चाचांना सांगितलं नाही. वहीत लिहिलं: छत्री, निळसर काच, कडेला जुना टवका.

गोळ्याचं झाकण फिरकीचं होतं. चाचांनी ते उघडून छर्रे घमेल्यात ओतले. छर्ऱ्यांच्या मागोमाग कापडाची पुरचुंडी पडली. काळी, मेणचट. आत दगडासारखा एक खडा आणि थोडा चुरा. मी विचारलं, “हे काय?”

“मीठ,” चाचा म्हणाले. त्यांना त्यात नवल वाटलं नव्हतं. “ज्या घरचा दिवा त्या घरचं मीठ. माझा बाप घालायचा. कुणी सांगावं, हे त्यानंच घातलेलं असंल.”

“कशासाठी?”

“आवं ताई, दिवा डोक्यावर टांगायचा. मीठ खाल्लेलं माणूस दगा देत न्हाई, तसंच हे बी.” त्यांनी पुरचुंडी कागदात बांधून माझ्यापुढे सरकवली. “आता हा दिवा दुसऱ्याच्या घरी निघालाय. जुनं मीठ वाहत्या पाण्यात सोडायचं आन् नव्या घरचं भरायचं. तुमी माहुलीच्या बाजूनं जाता न्हवं? सोडा कृष्णेत. आन् सांगलीला जाल तवा तितलं मूठभर आना.”

“वाचनालयाला कुठलं घर, चाचा? तिथे चूल कुठेय?”

“मागं शिपाई ऱ्हातोय की. त्याची चूल हाय न्हवं?” मग माझ्या वहीकडे बोट करून म्हणाले, “ह्ये तेवढं लिवू नका. मॅडम शिकलेल्या. हसतील.”

मी लिहिलं नाही. आणि मीठ नदीतही सोडलं नाही. घाटावर बायका धुणं धूत होत्या, दोन-तीन ओळखीच्या निघाल्या असत्या, आणि कागदातलं मीठ पाण्यात सोडताना कुणी पाहिलं तर काय सांगायचं, ह्या विचारानं मी पुलावरून तशीच पुढे गेले. घरी येऊन ते कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डबीत ओतलं, झाकण लावलं आणि डबी कपाटात टाकली.

सांगलीला वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत शिपाई राहायचे. साठीचे, बायको गेलेली, स्वतःच स्वयंपाक करत. त्यांना सगळे मामा म्हणत. त्यांच्याकडे मीठ मागताना मी तीन वेळा शब्द जुळवले.

“मीठ?” मामा म्हणाले. “काय वो ताई, कैऱ्या आनल्यात काय? मग मला बी द्या की एक फोड.”

“नाही, कामाला हवंय. पितळेच्या.”

“असंल बाबा. पितळंला मीठ आन् शिपायाला अळणी.” त्यांनी बरणीतून ओंजळभर खडे मीठ काढून वाटीत घातलं. मी हात पुढे केला तशी वाटी मागे घेतली. “हातात न्हाई. मीठ हातात दिलं की भांडान हुतंय. हितं ठेवतो, तुमी उचला.” आणि त्यांनी वाटी उंबऱ्यावर ठेवली.

चाचांनी गोळा भरला तेव्हा मी समोर होते. बल्ब लावल्यावर दिव्यात रॉकेल राहणार नव्हतं, म्हणून दिवा हलका झाला होता. त्यांनी छर्रे कमी केले आणि उरलेल्या जागेत मामांचं मीठ नव्या फडक्यात बांधून बसवलं. तराजूवर एकदा, मग कप्पीवर टांगून दहा वेळा तोल पाहिला. डोळे मिटून, एका बोटानं दिवा खाली-वर करत. दिवा जिथे सोडावा तिथे राहत होता. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी वहीत लिहू शकत नव्हते. पाऊस सुरू व्हायच्या आधी तो सांगलीत चढला.

त्या दालनाच्या भिंतीवर माणसाच्या डोक्याहून वर एक तांबडी रेघ आहे. जुन्या पुराचं पाणी तिथवर आलं होतं. दारात उभं राहिलं की आमच्या दिव्याची कड बरोबर त्या रेघेवर टेकलेली दिसायची. मुद्दाम केलं नव्हतं, तसं जुळलं होतं. मला ते आवडलं, म्हणून वहीत मी तीच खूण लिहिली.

जूनच्या शेवटी उरलेल्या दिव्यांची चित्रं काढायला मी एसटीनं सांगलीला गेले. दारात उभी राहिले. कड रेघेच्या दोन बोटं खाली होती.

वाटलं, कुणी हात लावला असेल. मामांना विचारलं.

“कोन लावनार? किल्ली माझ्या करगोट्याला. आन् टेबलावर चढून हात पुरतोय तितं, कुणी खुळा चढला तरच.”

मी काठीनं दिवा रेघेवर नेला. पुढच्या आठवड्यात तो चार बोटं खाली होता. मी पुन्हा वर केला. त्याच्या पुढच्या आठवड्यात केला नाही, फक्त पाहिला. पंखे बंद होते, खिडक्या पावसासाठी लावलेल्या. दालनात ओल्या कागदाचा वास होता. दिवा हलत नव्हता. तो हलताना कधीच दिसला नाही. तो फक्त आधीपेक्षा खाली असायचा.

मामांनी टेबलाच्या टोकाची खुर्ची थोडी बाहेर ओढून ठेवली होती.

“ही कुणाला?” मी विचारलं.

“ताई, हासू नका. एक मास्तर यायचं हितं. पेन्शनीत निघाल्यावर बावीस वर्सं एकाच खुर्चीत. दिसत कमी हुतं, सारखं म्हनायचं, उजेड खाली घ्या, उजेड खाली घ्या. तवा हितं दिवा कुटला, ट्यूब हुती. ती कशी खाली घ्यायची? गेलं बिचारं तसंच. आता दिवा आला.” त्यांनी टेबलाकडे हनुवटी केली. “आन् ह्ये बगा.”

लांब टेबलावर, बरोबर दिव्याखाली, पाण्याचे चार-पाच थेंब होते.

“छत गळतंय,” मी म्हणाले.

“मी शिडी लावून हात फिरवून आलोय. सागवान कोरडं ठनठनीत. रोज सकाळी पुसतोय, रोज सकाळी हायतच. आज सातवा दिवस.”

मामा चहा टाकायला मागे गेले. मी थेंबाला बोट लावलं. का ते माहीत नाही, बोट जिभेवर ठेवलं.

खारट.

मीठ मी स्वतः मागून आणलं होतं. चाचांनी ते माझ्यासमोर भरलं होतं. तरी त्या क्षणी मला ते सुचलं नाही. मला दिसल्या त्या पडदे ओढलेल्या दुपारी, टेबलावरचे डाग आणि तो एकच शब्द, अजून. मामांचा मास्तर तिथे बसत असेल किंवा नसेल, मला ठाऊक होतं दिवा कुणासाठी खाली येतोय ते. आणि जुनं मीठ नदीत सोडायचं काम माझं होतं.

चहा न घेता मी स्टँडवर आले. मामा दारातून ओरडत राहिले, “आवं ताई, आधन ठेवलंय की!”

त्या आठवड्यात मी दोनदा डबी पर्समध्ये घालून माहुलीच्या पुलावर गेले. दोन्ही वेळा खाली कृष्णा गढूळ, फुगलेली, आणि मी कठड्याला हात लावून परत फिरले. सोडलं तर ते संपेल, असं वाटायचं. आणि ते संपवायचा हक्क मला नाही, असंही.

ऑगस्टमध्ये वाचनालय उघडायचं ठरलं. पहिल्या दिवशी गावातल्या शाळांमधली मुलं त्या लांब टेबलाशी बसून वाचणार होती. त्याच्या दहा दिवस आधी मी शेवटची पाहणी करायला गेले. दिवा इतका खाली आला होता की दारातून मला रेघेजवळ नुसत्या साखळ्या दिसत होत्या; गोळा पार छताकडे सरकला होता. मी त्या बाहेर ओढलेल्या खुर्चीत बसले. टेबलावर वही उघडली. छत्रीची कड माझ्या कपाळाशी आली. वहीपासून दिव्यापर्यंत मी हाताची वीत ताणून पाहिली. एक वीत.

मी बसून राहिले. बल्ब बंद होता, तरी केसांना ऊब लागल्यासारखी वाटली. मग टपकन वहीवर थेंब पडला, आणि मी तो पाहिला म्हणून आज हे लिहितेय. कारण तो थेंब तांबूस होता.

पाण्याचा नव्हे, गंजाचा रंग. पितळ हिरवं पडतं, शिसं पांढरं. तांबूस फक्त लोखंड. वहीत मी त्या दिव्याचे सदतीस भाग लिहिले होते आणि त्यांत लोखंडाचा एकच होता: भाग एकतीस, गोळ्याच्या मधून जाणारी दांडी. तिच्या वरच्या कडीत तिन्ही साखळ्या अडकवलेल्या. तिच्या अंगाला मामांच्या बरणीतलं मीठ, पावसाळ्याच्या हवेनं पाझरलेलं. मीठ पाणी होऊन गळत होतं, गोळा हलका होत होता, म्हणून दिवा खाली येत होता. आणि ते पाणी दांडी खात होतं. दांडी तुटली की गोळा आणि दिवा दोन्ही खाली. खाली टेबल. टेबलाशी मुलं.

मी खुर्चीतून उठले ती हळूच. मामांना सांगितलं, “मामा, दालनाला कुलूप लावा. आज कुणाला आत सोडू नका.”

“का वो? दिसलं काय तुमाला?” त्यांनी करगोट्याची किल्ली चाचपली.

“हो,” मी म्हणाले. आणि कुलूप लागेपर्यंत तिथेच थांबले.

संध्याकाळच्या आत साताऱ्याला पोचून मी थेट चाचांकडे गेले. ते स्टोव्हची पिन साफ करत होते.

“चाचा, सांगलीचा दिवा खाली येतोय.”

“खाली यायलाच केलाय त्यो.”

“आपोआप येतोय.” मी वहीतलं ते पान फाडून त्यांच्यापुढे धरलं. तांबूस डाग वाळून कडक झाला होता. चाचांनी तो नखानं खरवडला, जिभेला लावला, आणि पान उजेडाकडे धरलं.

“माझ्या बापानं किती दिवे भरलं असतील,” ते शेवटी म्हणाले. “मी बी भरलं. एकाला काय झालं न्हाई.”

मी पाटावर बसले.

“तवा जळत हुते ते.” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “रोज सांजच्याला तास-तास रॉकेल जळायचं. खाली आग, वर गोळा. गोळ्याला हात लावला तर पोळायचं. मीठ रोज भाजून निघत हुतं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आता बलब. तो बी बंद. मीठ कशानं सुकंल? एवढं कळू नये मला.”

बाहेर पाऊस होता. त्यांनी पान घडी करून मला परत दिलं. “उद्या पयल्या गाडीनं जातो. दांडी बदलून, शिसं भरून येतो. मॅडमला कशाला? त्यांच्या हातात पुढचं काम हाय, राजवाड्यातल्या दिव्यांचं. मला म्हनाल्या हुत्या.”

“उद्या सकाळी मॅडम वाचनालयाच्या कमिटीला घेऊन दिवा दाखवायला येणार आहेत. खाली-वर करून. तुमची गाडी पोचायच्या आधी.”

त्यांनी स्टोव्ह बाजूला सारला. नंतर म्हणाले, “तुमी सांगितलं तर काम गेलं माझं, ताई. आन् न्हाई सांगितलं तर…” त्यांनी स्टोव्हची पिन उचलली आणि पुन्हा साफ करू लागले. ती आधीच स्वच्छ होती.

मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेले. मॅडम त्या रात्री सांगलीला मुक्कामाला येणार होत्या; काचेच्या त्या पेटीत उभी राहून मी त्यांच्या लॉजचा नंबर लावला. घंटी वाजत असताना, उचलला नाही तर बरं, असं मनात येत होतं. पाचगणीच्या मैदानाची ती कड, ते दोन तास, पुन्हा तेच. मग मॅडमचा आवाज आला.

“मॅडम, उद्या मोठ्या दिव्याला हात लावू नका. त्याच्याखाली कुणाला उभंही करू नका. तो पडेल.”

“काय? कोण बोलतंय?” त्यांनी माझा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “पण तुझ्या रेकॉर्डमध्ये तर सगळं ओके आहे. मी परवाच वाचलं.”

“रेकॉर्ड पूर्ण नाही. गोळ्यात मीठ घातलंय. मला माहीत होतं. मी लिहिलं नाही.”

मीटरचे आकडे पळत होते. मग त्या म्हणाल्या, “चाचांना घेऊन दुपारी ये.”

दुसऱ्या दिवशी दिवा दोरांनी बांधून उतरवला. चाचांनी गोळा उघडला. फडकं चिखलासारखं झालं होतं. दांडी बाहेर काढून त्यांनी ती मॅडमपुढे धरली, दोन बोटांत वाकवली, आणि ती उदबत्तीच्या काडीसारखी मोडली. आवाजसुद्धा झाला नाही.

“चूक माझी हाय,” चाचा म्हणाले. “ह्या पोरीला मीच लिवू नको म्हनलो.”

मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, “आणखी काही आहे का, जे तू लिहिलं नाहीस?”

माझ्या पर्समध्ये डबी होती.

“नाही,” मी म्हणाले.

सांगलीचं काम चाचांनीच पुरं केलं. नवी पितळी दांडी, नुसतं शिसं, आणि गोळा बंद करताना मॅडम स्वतः समोर. पण राजवाड्याचे दिवे मुंबईला गेले. चाचा मला रागाचा एक शब्दही बोलले नाहीत, आणि त्यांनी मला परत ताईही म्हटलं नाही. त्या दिवसापासून मी पोरगी झाले ती कायमची.

मुलं त्या टेबलाशी बसली तेव्हा मी दारात उभी होते. दिव्याची कड पुराच्या रेघेवर होती. एक मुलगी धडा वाचताना अडखळत होती, तरी मोठ्यानं वाचत होती. कड हलली नाही. त्यानंतर मी कितीदा तरी सांगलीला गेले आणि दारात उभी राहून आधी तेच पाहिलं. कधीच हलली नाही.

मामांना मात्र ते रुचलं नव्हतं. खुर्ची आत सारून ठेवत ते मला म्हणाले, “तुमी शिसं भरलासा आन् मास्तर यायचं थांबलं. आता कसं वाचत असतील?”

मी सांगितलं की ते मीठ होतं. त्यांच्याच बरणीतलं.

“मीठ हुतं म्हनूनच यायचं की,” मामा म्हणाले आणि फडकं घेऊन कोरडं टेबल पुसू लागले.

चाचा थकले, कारखाना बंद झाला, त्याच्या थोडं आधी त्यांनी मला एकदाच विचारलं होतं. “पोरी, ते पाचगणीचं मीठ सोडलंस न्हवं पान्यात?”

“सोडलं,” मी म्हणाले.

डबी अजून माझ्या कपाटात आहे. साताऱ्याच्या पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाचं दर वर्षी पाणी होतं. डब्यात तांदूळ घाला, काही घाला. ती डबी मी दर वर्षी एकदा कानाशी नेऊन हलवते. आतलं मीठ खडखडतं. कोरडं ठणठणीत, जणू त्याला अजून कुठूनतरी ऊब लागतेय. डबीचं झाकण घट्ट आहे, म्हणून असेल.